भाचा, फाटक आणि एक वायर

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात रेल्वे नाही. गाडी बघायची तर हिंगोली गाठावी लागते. त्यामुळे रेल्वे या विषयातल्या प्रस्तुत लेखकाच्या अधिकाराला गावात आजवर कोणी आव्हान दिलेले नाही. पॉलिटेक्निकातल्या भाच्याने ‘स्वयंचलित रेल्वे फाटक’ हा प्रोजेक्ट घेतल्याचे कळताच, कोणी सल्ला मागेल याची वाट न पाहता लेखक जाऊन बसला.

थर्माकोलवर हिरवा रंग, खेळण्यातली गाडी, आर्डुइनोचा बोर्ड. गाडी आयआर सेन्सरसमोर आली की सर्वो मोटर दांडा पाडते, पुढच्या सेन्सरपाशी पोचली की उचलते.

“सिंगल लाइन ना?” असे विचारून, उत्तर न ऐकताच, लेखक 1874 सालात शिरला.

इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्पला एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. कारण एक तार. ‘गाडी सोडा’ या मजकुरावर अधिकाऱ्याची सही व्हायची होती. तारबाबूने त्याआधीच ती पाठवून दिली. मागोमाग रद्दची तार गेली, तर उत्तर आले: गाडी सुटली. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ यायला अजून बराच अवकाश होता. मग 1878 मध्ये एडवर्ड टायरने दोन स्टेशनांवरची यंत्रे विजेने अशी जोडली, की परवान्याची एक चकती, म्हणजे टॅब्लेट, बाहेर असेपर्यंत दुसरी कुठूनच निघू नये. त्याच कुळातला आपल्याकडचा नील्स टोकनचा लोखंडी गोळा. स्टेशन मास्तरने यंत्रातून काढायचा, पिशवीत घालायचा, पिशवीला मोठी रिंग, आणि धावत्या इंजिनातून ती हातात अडकवून घ्यायची! गोळा नाही तर गाडी पुढच्या स्टेशनकडे निघणार नाही, मग आत लाटसाहेब बसलेला असो. हा तळहातावर मावणारा गोळा दाखवताना लेखकाचे हात कलिंगडाएवढे फाकले. भाच्याने जांभई गिळली.

“सेन्सरची वायर तुटली तर?” लेखकाने परीक्षकी आवाज काढला.

“मग काय, फाटक उघडंच राहील.”

“बॅटरी संपली तर?”

“काहून संपंल, मामा? सरांपुढं पाच मिनिटंच तर चालवायचंय!”

खरी सिग्नल यंत्रणा नेमकी याच्या उलट चालते. 1872 मध्ये विल्यम रॉबिन्सनने शोधलेल्या ट्रॅक सर्किटात रुळांतून वाहणारा प्रवाह रिले नावाचा स्विच धरून ठेवतो. चाकांच्या आसाने दोन रूळ जोडले गेले की रिले सुटतो, सिग्नल लाल. वायर तुटली, बॅटरी संपली, तरी रिले सुटतो आणि सिग्नल लालच. बिघाड झाला तर गाडी थांबते, माणूस मरत नाही. प्रोजेक्टच्या ब्लॅकबुकात, म्हणजे अहवालात, सर्किट डायग्राम असतो, आभार असतात, ‘भविष्यातील व्याप्ती’ असते. बिघाड झाला तर काय, एवढेच नसते, आणि कोणी विचारतही नाही.

आणि फाटक उघडेच राहिले तर? 24 जुलै 2014. मेडक जिल्ह्यातल्या मासाईपेटच्या मानवरहित फाटकावर शाळेची बस गाडीखाली सापडली. मुले गेली. गाडी आपल्या नांदेडहून सिकंदराबादला निघालेली पॅसेंजर होती. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके संपायला जानेवारी 2019 उजाडला.

हे ऐकल्यावर भाचा गप्प झाला. मग त्याने दांड्याला स्प्रिंग बसवली: सेन्सरच्या वायरीतून वीज येत असेल तरच दांडा वर राहील, गेली की आपोआप खाली. सर्वो त्याने काढून ठेवला. लेखकाने हे श्रेय गावभर मिरवले.

परीक्षकांना विनंती: ब्लॅकबुक मागाहून चाळा. आधी, गाडी पळत असताना, सेन्सरची एक वायर उपटून बघा. दांडा पडला नाही, तर मार्क भाच्याचेच कापा. मामाचे नाव कुठे घेऊ नका.