रझाकारात केवढ्या होत्या, आजी?

मराठवाड्यातल्या दीर्घायुषी आजीवर लिहायला बसलेल्याची पहिल्याच वाक्यात पंचाईत होते, कारण तिथे वय लिहावं लागतं. थोरला लेक नव्वद म्हणतो, धाकटा पंचाण्णव, आणि तिची वर्षं सगळ्यांत बारकाईने मोजलेली सून शंभराच्या खाली यायला तयार नसते. अशा वेळी शहाणी माणसं आधार कार्ड पुढे करतात. माझं म्हणणं असं की कार्ड बाजूला ठेवावं आणि आजीलाच विचारावं. ती आकडा सांगणार नाही. ती म्हणेल, "पोलीस ॲक्शन झाली तवा थोरला कडेवर व्हता." वय मोजण्याची याहून शास्त्रशुद्ध पद्धत आपल्याकडे नाही.

आधी कार्डाची कुळकथा पाहू. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा 1969 चा. तोवर कन्नड-वैजापूरकडच्या आज्यांची निम्मी बाळंतपणं उरकली होती. त्यांचा स्वतःचा जन्म निजामाच्या राज्यातला. कचेरीत फसली सन, घरात शालिवाहन शक; इंग्रजी तारखेचं कुणाचंच काही अडलं नव्हतं. पुढे साठ-सत्तर वर्षांनी आधारच्या शिबिरात नातू म्हणाला, "टाका अंदाजे," आणि संगणकाने 1 जानेवारी टाकली. तिच्या लेकरांना गुरुजींनी शाळेत घालतानाच 1 जूनला जन्माला घातलं होतं, म्हणजे पटावर वय बसायला सोपं. हे कागद खरे मानले तर मराठवाड्यात माणसं वर्षातून दोनच दिवशी जन्मतात, बायका हिवाळ्यात आणि त्यांची मुलं पेरणीच्या तोंडावर. बरं, दिवसाचं सोडा. कार्डावर जन्मसाल 1943 पडलं आहे असं धरू. मग 1948 साली, पोलीस ॲक्शनच्या वेळी, थोरल्याला कडेवर घेणारी ही बाई पाच वर्षांची ठरते.

आता आजीची पद्धत घ्या. भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या 13 सप्टेंबर 1948 ला. 17 तारखेला निजामाने हात टेकले. म्हणजे आजीने दिलेला खुंटा पाच दिवसांच्या आत पक्का रोवलेला आहे. मूल कडेवर म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं, ही मोजपट्टी कुठल्याही बाईला विचारून तपासता येते. पुढचा खुंटा 1972 चा दुष्काळ: कुठली लेक खडी फोडायला बरोबर होती, सुकडी कुणाला पचली नाही, मिलोच्या लाल भाकरीला नाकं कुणी मुरडली. त्याच्या पुढचा किल्लारीचा भूकंप. तारीख विचारली तर आपण मोबाइल काढतो. आजी म्हणते, गणपती बुडवले त्याच रात्री पहाटे. अनंत चतुर्दशी होती 29 सप्टेंबर 1993 ची आणि जमीन हलली 30 च्या पहाटे. चूक काढून दाखवा.

यावर आक्षेप येतो की म्हातारपणी आठवणींची सरमिसळ होते. होते, पण ती पाहुण्यांच्या नावांत आणि चष्मा कुठे ठेवला यात. शिवाय आजीचं विधान तसंच कधी मान्य होत नाही. ओट्यावर तिच्याच वयाची शेजारीण बसलेली असते आणि ती प्रत्येक सालाला हरकत घेते. एवढी कडक तपासणी विद्यापीठात प्रबंधाची होत असेल असं वाटत नाही. दुसरा आक्षेप म्हणजे सत्तरी ओलांडली की माणूस वय फुगवून सांगतो. हेही कबूल. पण यात आजीपेक्षा घरच्यांचा वाटा मोठा. सहस्रचंद्रदर्शन खरं तर एक्क्याऐंशीच्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात पुण्याच्या लेकाला रजा मिळेल त्या महिन्यात हजारावा चंद्र उगवतो.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. या पंचांगात निजामाच्या बाजूचे रझाकार आहेत, दुष्काळ आहे, भूकंप आहे. तिचा स्वतःचा एकही दिवस नाही. खरं आहे. तिला ही पद्धत हौसेने सुचलेली नव्हती. मुलगी झाली याची नोंद करावी असं घरात कुणाला वाटलं नाही, शाळेत तिला कुणी घातलं नाही, आणि मग स्वतःचं आयुष्य गावावरच्या संकटांना बांधून ठेवण्यावाचून तिच्या हाती काही उरलं नाही. तिच्या स्मरणशक्तीचं कौतुक करताना लेखणी थोडी आखडावी लागते ती यामुळे. पण पद्धत मजबुरीतून आली म्हणून हिशेब चुकीचा ठरत नाही.

तेव्हा एसटी महामंडळाला एक सूचना. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि त्यासाठी वाहक वयाचा पुरावा मागतो. चुकीच्या कार्डामुळे नव्वदीची बाई अर्ध्या तिकिटात अडकते. त्याऐवजी वाहकाने एवढंच विचारावं, "आजी, रझाकारात केवढ्या होत्या?" 1948 चं ज्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आठवतं तिची पंचाहत्तरी योजना सुरू होण्याआधीच उलटली, याला दुसरा पुरावा लागत नाही. ऐकीव गोष्ट सांगून फसवेल अशी शंका असेल तर शेजारणीलाही त्याच गाडीत बसवावं. अडचण एकच दिसते. कन्नडहून निघालेल्या गाडीत हा प्रश्न वेरूळला विचारला, तर दौलताबादच्या दरवाजात गाडी अडकून सुटेपर्यंत उत्तर जेमतेम रझाकार गावात शिरण्यापर्यंत येईल, आणि मागच्या सीटवरच्या बाकी सगळ्यांची तिकिटं राहून जातील.