चार नंबरची तब्येत

रविवारी सकाळी आमच्या कॉलनीत एका पांढऱ्या मारुती ८०० च्या मागच्या दारातून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरून कुणाला बोलावू नका. ते बॅटरीकाका आहेत. तपासणी चालू आहे.

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे बदलतात, काकांनी गाडीचं इंजिन बदललं. इंजिन भंगारवाल्याकडे गेलं, त्या जागी मोटर आली आणि मागची सीट काढून तिथे १२ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या बसल्या. लेड-ॲसिडच्या, एकेक तीसेक किलोची. म्हणजे तीन धडधाकट पाहुणे कायमचे मुक्कामाला. पण पाहुण्यांचं इतकं कुणी करत नाही.

एका बॅटरीत सहा सेल, म्हणजे एकूण ३६ बुचं. काका एकेक बूच उघडतात, हायड्रोमीटरची नळी आत बुडवतात, रबरी फुगा दाबून सोडतात आणि डोळे बारीक करून पुकारतात, ‘बाराशे साठ!’ नातू वहीत लिहितो. साध्या पाण्याचा आकडा हजार, पूर्ण भरलेल्या सेलचा साडेबाराशेच्या पुढे. बाराशेच्या खाली घसरला की काकांचा चेहराही उतरतो. पाणी मात्र सेलमधली पातळी उतरली तरच घालायचं. तेही डिस्टिल्डच, आणि चार्जिंग झाल्यावरच. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना वर येऊन सांडतं. काकांच्या सगळ्या पँटींना मांडीपाशी जी भोकं आहेत, ती हे कळायच्या आधीची.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. तिला गरम पाण्यात खायचा सोडा कालवून घासायचं आणि वर व्हॅसलीन चोपडायचं. काकूंचा ढोकळा दोन वर्षांत फुगलेला नाही. पाना निसटून दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर वेल्डिंगच होतं, अंगठी मध्ये आली तर बोट भाजतं. म्हणून पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि लग्नाची अंगठी काढून काकूंच्या हातात. एकदा काकूंनी ती तीन दिवस परत दिलीच नाही. काकांच्या लक्षात आलं नाही.

सहांत काळजीची आहे ती चार नंबर. सगळ्या एका माळेत जोडलेल्या, त्यामुळे यात्रा कंपनीच्या बसमधल्या दम लागणाऱ्या आजोबांसारखं होतं: ते थकले की सगळ्यांनी थांबायचं. न थांबता बाकीच्या पाचजणी रेटत राहिल्या तर चार नंबर उलटीच चार्ज व्हायला लागते आणि कायमची जाते. नवी एकच आणून बसवावी, तर जुन्यांच्या संगतीत तीही लवकर म्हातारी होते. ‘चार नंबर कशी आहे?’ असं कॉलनीत कुणीही विचारतं. परवा एका नव्या भाडेकरूने ‘कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय?’ म्हणून विचारलं.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. म्हणून काका भाच्याच्या लग्नातून अक्षता पडताच परतले. पंगतीलासुद्धा थांबले नाहीत. जिलबी होती.

दसऱ्याला गाडीची पूजा होते. हळदकुंकू चालतं, झेंडूचा हार चालतो. उदबत्ती मात्र फाटकापाशी लावायची, कारण रात्रभर चार्जिंग झालेलं असतं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. निरांजनाला तर पलीकडच्या बिल्डिंगीची हद्द.

आता तुम्ही विचाराल, गाडी जाते किती? चार नंबरच्या मर्जीने तीसेक किलोमीटर. आणि कुठे? कुठेच नाही. मान्यताप्राप्त किट बसवून आरटीओत नोंद केल्याशिवाय बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि काकांचं किट म्हणजे काका. त्यामुळे रोज संध्याकाळी ते कॉलनीतच फेऱ्या मारतात, शेजारी काकू, मांडीवर निवडायची भाजी. गाडीचा आवाज येत नाही. मेथीच्या काड्या मोडल्याचा येतो.

मी एकदा सौजन्य म्हणून विचारलं, ‘काका, पुढे काय?’ चूक झाली. माझ्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत शेवटचं पाणी कधी घातलं होतं, हे मला सांगता आलं नाही. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

येत्या रविवारी सात वाजता ते येणार आहेत. माझ्याकडे काही काम असेल तर फोन शनिवारीच करा.