गांडुळाला प्रवेश नाही

इंग्लंडात हॅम्पशायरमधल्या टेस्ट नदीवर ट्राउट धरायचा असेल, तर आधी सरकारी परवाना काढायचा, मग नदीचा तो तुकडा ज्याच्या मालकीचा त्याला एका दिवसाचे काहीशे पौंड मोजायचे, मग चिखलाच्या रंगाचं जाकीट चढवायचं, दिवसभर काठावर वाकून उभं राहायचं आणि एवढं करून मासा मिळालाच, तर तो परत पाण्यात सोडून द्यायचा. साउदम्प्टनच्या भाच्याने गाडीत हा क्रम समजावून सांगितला, तेव्हा मागच्या सीटवरून आमची ही म्हणाली, ‘‘सोडूचो आसा, तर धरूचो कित्याक?’’

मालवणात वाढलेल्या बाईला दुसरा प्रश्न पडूच शकत नाही. भाच्याकडे उत्तर नव्हतं. तो आता अर्धा इंग्रज झालाय, त्यामुळे लगेच हवामानावर बोलू लागला. दिवसाचे पैसे त्याच्या साहेबाने भरले होते, म्हणून मीही विषय वाढवला नाही.

स्टॉकब्रिज हे गाव म्हणजे एकच रुंद रस्ता आणि त्याच्या पोटाखालून वाहणारे टेस्टचे फाटे. फुटपाथवरून खाली पाहिलं की पाण्यात गलेलठ्ठ ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपूट हलवत असतात आणि पोरं त्यांना पाव टाकतात. पाणी इतकं नितळ, की माशाच्या अंगावरचे ठिपके मोजावेत. पावसाचं पाणी खडूच्या डोंगरात मुरतं आणि गाळून निघून झऱ्यांनी वर येतं, तेही बारा महिने दहा-अकरा अंशांच्या आसपास. आमच्या कर्ली नदीसारखं जूनमध्ये तांबडं होऊन अंगावर येणं टेस्टला ठाऊकच नाही. अशा खडूच्या नद्या साऱ्या जगात दोनशेच्या घरात, आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडात. ही सगळी माहिती मी हिला देत होतो. तिची नजर मात्र रस्त्याखालच्या ट्राउटच्या तुकड्या पाडत होती.

रस्त्यावरच्या जुन्या हॉटेलात 1822 साली स्थापन झालेला गळवाल्यांचा हॉटन क्लब भरतो. सभासद मूठभर आणि आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. आपल्याकडे एवढे निर्बंध फक्त देवळाच्या गाभाऱ्यात, आणि तिथेही ओळख काढता येते.

खरी गंमत नियमांची. गांडूळ चालत नाही. कोळंबीचा तुकडा चालत नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस, फेझंटच्या शेपटीचा धागा, सशाच्या कानावरची लव असं काहीबाही गळाला गुंडाळून खोटी माशी करायची. ती पाण्यावर तरंगली पाहिजे. ती प्रवाहाच्या उलट दिशेनेच टाकायची, आणि तीही डोळ्यांनी दिसलेल्या, वर येऊन खाणाऱ्या माशाच्याच पुढ्यात. फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला याचं शास्त्र मांडलं आणि भक्तांनी त्याचा धर्म केला. शेजारच्या इचन नदीवर गळ टाकणारे स्क्यूज नावाचे एक वकील म्हणाले, अहो, मासा बहुतेक वेळ पाण्याखालीच खातो, मग खालच्या किड्याची नक्कल करून ती बुडू दिली तर बिघडलं कुठे? झालं! 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा भरली. तिकडे हिटलर ऑस्ट्रिया गिळायच्या तयारीत होता आणि इकडे ऐंशीच्या उंबरठ्यावरचे स्क्यूज उभे राहून किडा बुडवण्याचं समर्थन करत होते. अशा देशाला कोण हरवणार?

या पंथाचे आद्य संत आयझॅक वॉल्टन विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये चिरविश्रांती घेत आहेत. गळवाले भाविक वाट वाकडी करून दर्शनाला येतात. वॉल्टनचं पुस्तक 1653चं. गंमत म्हणजे संत स्वतः प्रामुख्याने गांडूळ, किडे आणि बेडूकवाले! खोट्या माशीचं खरं प्रकरण त्यांच्या चार्ल्स कॉटन या मित्राने 1676च्या आवृत्तीत जोडलं. आज वॉल्टन आपली पिशवी घेऊन टेस्टवर उगवले, तर पहिल्या फाटकावरून परत जातील.

आमच्या तुकड्यावर एक धिप्पाड रिव्हरकीपर होता. नदी राखायची म्हणजे काय, तर काठाचं गवत कापायचं पण कडेची झालर ठेवायची, आणि पाण्यातलं तण ठरलेल्या तारखांनाच छाटायचं. साऱ्या खोऱ्यात एकाच वेळी छाटणी होते, कारण वरच्याने कापलेलं खालच्याच्या गळात येतं. भाऊबंदकीला एवढा वाव असूनही तिथे कोर्टकचेऱ्या कमी दिसल्या, याचं मला कोकणी माणूस म्हणून वाईट वाटलं.

मे संपत आला होता. मेफ्लाय नावाचा किडा दोन वर्षं गाळात काढतो आणि पंख फुटल्यावर एक-दोन दिवसच जगतो. त्या दिवसांत तो काही खात नाही, कारण खायला तोंडच धड नसतं. लग्न उरकून मरायचं, एवढाच कार्यक्रम. हे लाखो वऱ्हाडी पाण्यावर पडू लागले की एरवी महाधूर्त असलेले ट्राउट ताळतंत्र सोडतात. या दिवसांना तिथे ढ लोकांचा पंधरवडा म्हणतात. कीपरने हे सांगताना आमच्याकडे पाहिलं नाही, हा त्याचा सभ्यपणा.

आम्ही घरी गरवायला जातो तेव्हा दोरीला शिसं बांधतो; शिसं जातं, मागोमाग गरी जाते. इथे माशीला वजनच नाही, सगळा भार जाड दोरीचा. काठी मागे नेऊन क्षणभर थांबायचं, दोरी पाठीमागे सरळ झाली की पुढे. भाच्याला ते थांबणं जमेना. त्याची माशी पलीकडच्या कुरणातल्या गाईच्या कानाजवळून गेली. ‘‘गाय आपल्या परवान्यात नाही,’’ कीपर म्हणाला.

हिने मात्र पापडाची लाटी उलटावी तशा सहजतेने मनगट फिरवलं. माशी पाण्यावर टेकली आणि दुसऱ्या क्षणी सोनेरी पोटाचा ट्राउट लटकला. कीपरने हात ओले करून गळ सोडवला आणि मासा पाण्यात धरून ठेवला, दम खाईपर्यंत. ‘‘दोघांचा कालवण गेला,’’ ही म्हणाली, पण आवाजात राग नव्हता. लगेच तिने दोरी पुन्हा मागे नेली. संध्याकाळपर्यंत काठी माझ्या हाती आली नाही.

दुपारी झोपडीत चहा आणि डुकराच्या मांसाचं सारण भरलेली थंड ‘पाय’ खाताना कीपरने विचारलं, तुमच्याकडे मासे कसे धरतात? हिने सांगितलं. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की मासे अंडी घालायला ओहोळातून शेतात चढतात. मग रात्री अख्खी वाडी बॅटऱ्या, कोयते, टोपल्या घेऊन बाहेर पडते. परवाना नाही, पोरंटोरं, म्हातारे सगळे. जो दिसेल तो आपला.

कीपरने कप खाली ठेवला. अंडी घालायच्या दिवसांत? रात्री? कोयत्याने? भाचा भाषांतर करताना एकेक शब्द गाळू लागला. शेवटी कीपरने दबक्या आवाजात विचारलं, ‘‘आणि त्या वेळी जागेचा मालक कुठे असतो?’’

‘‘तो?’’ ही म्हणाली. ‘‘पुढे. मोठी बॅटरी त्याचीच.’’