दोन लेकरांचा बाप

एक बायको, दोन लेकरे, एक मोटारसायकल आणि एक सुट्टी जवळ असलेला गृहस्थ म्हणजे दोन लेकरांचा बाप. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी त्याच्याकडे कायम असतात. चौथी आली की त्याचे खरे रूप प्रकट होते. एरवी तो शिक्षक असेल, तलाठी असेल, राईस मिलमध्ये हिशेब ठेवत असेल किंवा पाच एकर धान करत असेल. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याचा धंदा एकच असतो आणि तो म्हणजे वाटणी करणे.

महाराष्ट्रात गोरेगावे बरीच आहेत. मुंबईच्या गोरेगावात चित्रनगरी आहे. गोंदिया–कोहमारा रस्त्यावरच्या गोरेगावात तहसील कार्यालय आहे, आणि वाटणी समजायला चित्रनगरीपेक्षा तहसील कार्यालय अधिक उपयोगी पडते. हा जिल्हाच मुळी वाटणीतून निघाला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. मुलूख धानाचा, म्हणजे शिवारात जिकडे पाहावे तिकडे बांध्या आणि दोन बांध्यांच्या मधे धुरा. हा धुरा दर पावसाळ्यात वीतभर इकडे किंवा तिकडे सरकतो अशी प्रत्येक भावाची दुसऱ्या भावाबद्दल खात्री असते. असे तंटे गावातच मिटावेत म्हणून राज्य शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. दोन लेकरांचा बाप गावाच्या तंटामुक्त समितीत असू शकतो. त्याचे घर मात्र या मोहिमेत कधीच बसत नाही.

लेकरांपैकी एक मोठे असते आणि एक लहान. मोठे सात-आठ वर्षांचे, लहान चारेक वर्षांचे. मोठ्याला हक्क कळतो, लहान्याला रडणे कळते, आणि दोन्ही हत्यारे सारख्याच ताकदीची असतात. मोठी मुलगी आणि लहान मुलगा असेल तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचे होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली. मोटारसायकलच्या टाकीवर बसण्याच्या जागेबाबत तीत काही म्हटलेले नाही. ती उणीव बापाला दर रविवारी सकाळी भरून काढावी लागते.

सहलीची तयारी पिशवीपासून सुरू होते. तीत पाण्याच्या बाटल्या दोन, टोप्या दोन, बिस्किटाचे पुडे दोन, जादा चड्ड्या मात्र चार. अनुभवी बाप दोन्ही वस्तू एकाच रंगाच्या घेतो. नवखा बाप एक लाल आणि एक निळी घेतो व घरातून निघायला तासभर उशीर करून घेतो. एकाच रंगाच्या घेतल्यानेही प्रश्न पुरता सुटत नाही, कारण मग कोणती कोणाची हे सांगता येत नाही. शेवटी बाटलीवर पेनाने नावे लिहिली जातात. लहान्याला वाचता येत नसल्यामुळे तो मोठ्याच्या नावाची बाटली घेऊन बसतो आणि ती आपलीच आहे असे शपथेवर सांगतो.

या घरात न्यायदान दोन पायऱ्यांवर चालते. खालचे न्यायालय बापाचे. तिथे तक्रार दाखल होते ती बहुधा अशी: “त्याले दोन भेटले, मले एकच काहून?” बाप दोन्ही बाजू ऐकून घेतो, साक्षीपुरावा तपासतो आणि निकाल देतो. निकाल ऐकताच दोन्ही पक्ष आईकडे अपील करतात. आई पुरावा पाहत नाही. ती दोघांनाही एकेक रपाटा देते, उरलेला लाडू स्वतःच्या ताब्यात घेते आणि प्रकरण निकाली काढते. बापाने यावर काही भाष्य केले तर “अजी, तुमी तं मधात बोलूच नका,” असे सुनावले जाते. हे वरचे न्यायालय झटपट असते आणि त्याच्या निर्णयावर दाद मागता येत नाही. आजीचे घर जवळ असेल तर तिसरी पायरीही निघते. तिथे दोन्ही पक्ष निर्दोष सुटतात आणि शिक्षा बापाला होते.

मोटारसायकलवरील मांडणी ठरलेली असते. टाकीवर लहान लेकरू, मग बाप, मग मोठे लेकरू, मग आई, आईच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीच्या बाहेर डोकावणारी छत्री. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकाच माणसाला बसता येते. शिवाय केंद्राने २०२२ साली काढलेल्या नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा बांधावा लागतो आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावी लागते. दोन लेकरांचा बाप यांपैकी वेगाची मर्यादा तेवढी मनापासून पाळतो. टाकीवरचे लेकरू हॉर्नवर हात ठेवून असते, मागचे लेकरू पाठीत गुडघा रोवून असते आणि आई दर खड्ड्याला “हळू, हळू” म्हणत असते. अशा स्थितीत चाळीसच्या वर जाणे त्याला शक्यच नसते. चौकात पोलीस दिसला की मोठे लेकरू उतरून आईसोबत पायी चालू लागते आणि चौक ओलांडला की पुन्हा चढते. आपण उतरलो आणि भाऊ उतरला नाही हा अन्याय ते पुढे गोंदियापर्यंत बोलून दाखवते. गोंदिया वीसेक किलोमीटरांवर आहे.

कायद्याची भीती किंवा ऊन फार झाले की कुटुंब एसटीने जाते. पाच वर्षांखालील मुलाला एसटीत तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धे तिकीट झाले. तेव्हा लहान्याचे काहीच नाही, मोठीचे अर्धे, आईचे अर्धे आणि सोबत पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा असतील तर तेही फुकट. अख्ख्या घरात पूर्ण तिकिटाचा मानकरी एकटा बाप उरतो आणि बसायला जागा न मिळणाराही तोच. लहान्याचे वय हा एसटीतला नाजूक विषय. पाचवा वाढदिवस केक कापून झालेला असला तरी कंडक्टरपुढे ते चारच्या पुढे सरकत नाही. नेमके याच वेळी लेकरू मोठ्याने सांगते, “मी पहिलीत जातो!” बापाच्या चेहऱ्याचा रंग तेव्हा पाहण्यासारखा असतो. खिडकीचा प्रश्न निम्म्या वाटेवर जागा बदलून सोडवतात. निम्मी वाट कोणत्या गावाला होते, यावर मात्र एकमत होत नाही.

सहलींचे ऋतू धान ठरवते. रोवणीच्या दिवसांत ज्याच्याकडे शेती आहे तो बाप कुठेच जात नाही. नोकरीवाला मात्र पावसाने जोर धरला की सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल दाखवायला निघतो. दरेकसा स्टेशनाजवळचा हा धबधबा प्रेक्षणीय आहे असे सगळे सांगतात. दोन लेकरांच्या बापाला तिथे पाण्यापेक्षा दगड जास्त दिसतात. कोणत्या दगडावर शेवाळ आहे, कोणत्यावरून पाय घसरेल, एका हाताला एक आणि दुसऱ्या हाताला दुसरे लेकरू धरलेले असताना नाक खाजले तर काय करायचे, या विचारांत धबधबा संपतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी नंदी घेऊन लेकरे घरोघर फिरतात आणि बोजारा गोळा करतात. नंदी दोन, आणि दोन्ही एकाच उंचीचे. बोजाऱ्याच्या पैशांचा हिशेब संध्याकाळी होतो आणि त्यात बापाच्या खिशातले दहा-वीस रुपये घातल्याशिवाय दोन्ही बाजू जुळत नाहीत.

दिवाळी झाली, धान घरात आले की भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते. मामाच्या गावची मंडई चुकवणे म्हणजे सासुरवाडीशी संबंध तोडणे. तिथे दंडार असते, आकाशपाळणा असतो, जिलेबी असते आणि फुगे असतात. फुगे दोन घेतले तरी एक आधी फुटतो हा निसर्गनियम आहे. त्यावर एकच उपाय असतो, दुसराही गुपचूप फोडणे. काही बाप तो करतात. रात्री झाडीपट्टीचे नाटक असते. वडशाच्या नाट्यमंडळ्या दिवाळीनंतरचे काही महिने या पट्ट्यात रात्र रात्र जागवतात. बापाला नाटकाचा शौक असतो. तो ब्लँकेट घेऊन पुढच्या रांगेत जागा धरतो. पहिल्या अंकात मोठीला लघवी लागते, दुसऱ्यात खलनायकाच्या गर्जनेने लहान्या दचकून उठतो, तिसऱ्यात दोघांना झोप येते आणि एकच मांडी असल्याने तिचीही वाटणी करावी लागते. शेवट काय झाला हे त्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळते. अशी चार-पाच वर्षे नाटके पाहून त्याच्याकडे भरपूर मधले भाग जमतात, शेवट एकही नसतो.

नवरात्रात डोंगरगढला बमलेश्वरीच्या दर्शनाला जाणे ओघानेच येते. गोंदियाहून गाडीने छत्तीसगडात उतरायचे आणि हजारावर पायऱ्या चढायच्या. रोप-वे आहे, पण नवरात्रातली त्याची रांग पाहून बाप पायऱ्याच पत्करतो. “मी एकटा चढतो” असे दोन्ही लेकरे खाली जाहीर करतात. शंभराव्या पायरीच्या आसपास लहान्या खांद्यावर येतो. त्याला खांदा मिळाला म्हणून मोठीचे पायही लगेच दुखू लागतात. इथून पुढे पन्नास पायऱ्या एकाला आणि पन्नास दुसरीला अशी पाळी लागते. पायऱ्या मोठी मोजते आणि भावाच्या पाळीत ती जरा भरभर मोजते. गाभाऱ्यापाशी पोचल्यावर बाप देवीकडे काय मागतो हे कोणी विचारत नाही. मागण्याइतका श्वास त्याच्याकडे उरलेला नसतो.

जंगल तर घराशेजारीच. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१३ साली नवेगाव–नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. जिप्सीत “आवाज करू नका” असे गाईड बजावतो. दोन लेकरे शांत बसवण्याचा एकच मार्ग बापाला ठाऊक असतो, तो म्हणजे कुरकुरे, आणि कुरकुऱ्याच्या पाकिटाचा आवाज वाघाला दोन ओढ्यांपलीकडून ऐकू येत असावा. एका लेकराला मोर दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही. मग त्याच्यासाठी वेगळा मोर शोधावा लागतो. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे राहिले आणि तिथल्या पक्ष्यांवर त्यांनी भरभरून लिहिले. दोन लेकरांचा बाप त्याच तलावाकाठी दिवसभर बसून येतो आणि काठाला कुठे कठडा आहे, कुठे नाही, एवढेच अचूक सांगू शकतो.

जिल्ह्याचे भूषण असलेल्या सारसाशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. परसवाडा, झिलमिली या तलावांकडे दिसणारा हा पक्षी जोडीने राहतो, बहुधा दोनच अंडी घालतो आणि पिलांना घेऊन धानाच्या बांध्यांतून पायी हिंडतो. मात्र त्याला दोन्ही पिलांसाठी सारख्याच मापाचे बेडूक शोधावे लागत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत वाटणीचा कस लागतो. आलूबोंडा एकेक देता येतो, पण एकाच्यात मिरची निघते. पोह्यांवरची तर्री नको म्हटले तरी नजर दुसऱ्याच्या ताटलीतल्या तर्रीवर असते. सगळ्यांत अवघड पदार्थ गुपचूप, म्हणजे पाणीपुरी. मोठीला तिखट चालते, लहान्याला चालत नाही, पण तिला सहा तर त्यालाही सहा हवेत. त्याचे सहा तो एकेक करून चाटतो आणि बापाच्या हातात देतो. स्वतःचे सहा आणि हे चाटलेले सहा असे बारा गुपचूप बापाच्या पोटात जातात. शेवटच्या सुक्या पुरीच्या वेळी ठेलेवाला न विचारता दोन्ही लेकरांच्या हातावर एकेक ठेवतो. बहुतेक ठेलेवाले स्वतः दोन लेकरांचे बाप असतात.

परतीच्या वाटेवर दोघेही झोपतात. एरवी कोणत्याच मुद्द्यावर न जुळणारी लेकरे या एकाच बाबतीत वेळ साधतात, आणि त्यामुळे घरी पोचल्यावर उचलून न्यायला माणसे दोन, हात चार, पण पिशवी, छत्री, चपला आणि नंदी उरतातच. दुसऱ्या दिवशी शेजारी विचारतात, कसे झाले? बाप म्हणतो, “हौ, मस्त झालं.” आई म्हणते, “आता वर्षभर नाव नका काढू.” लेकरांच्या मते भावाला झुले जास्त मिळाले, किंवा बहिणीला. पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुन्हा दोन बाटल्यांवर नावे लिहिली जातात आणि ती लिहायला लावणारी आईच असते.

या अवस्थेचा काळ साधारण मोठे लेकरू बारा वर्षांचे होईपर्यंत. त्या वर्षी एसटीत मुलाचे पूर्ण तिकीट सुरू होते, टाकीवर मावण्याइतके दोघांतले कोणीच लहान राहत नाही, आणि सहलीचे नाव काढले की मोठे लेकरू मोबाईलवरून मान न उचलता “तुमी जाऊन या” म्हणते. लहान्याला खिडकी, फुगा सगळे बिनविरोध मिळते. महिनाभरात त्यालाही त्यात राम वाटेनासा होतो. यानंतर गृहस्थ दोन लेकरांचा बाप राहत नाही, दोन मोठ्या पोट्ट्यांचा बाप होतो. हा प्रकार स्वतंत्र आहे. त्यातही वाटणी असतेच, पण ती मोटारसायकलच्या चावीची असते, आणि त्या वाटणीत बापाचा वाटा धरलेला नसतो.