बिल आलं की

पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीत उधारीला तारीख नसते, हंगाम असतो. ‘उसाचं बिल आलं की देतो’ म्हटलं की किराणावाला मुकाट्याने वही ओढतो, कानामागचं पेन काढतो आणि तेलाचा डबा खात्यावर चढतो. ज्याचं गुंठाभर रान नाही तोही हेच बिनधास्त सांगतो, कारण गावात ऐकणाऱ्याला दुसरं काही पटत नाही. कुणी म्हणेल, यात शेतकऱ्याचा काय दोष? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज लिहिलेलं आहे. रखडवतात ते कारखाने. अगदी कबूल! पण सबब टिकते ती तेवढ्यामुळेच. साफ खोटी सबब दोन दिवसांत उघडी पडते, हिला खऱ्या गाऱ्हाण्याचा टेकू आहे. शिवाय बिल आल्यावर काय होतं तेही बघावं. सोसायटीचं कर्ज आधीच वजा होतं, उरल्यात दारात नवी मोटारसायकल उभी राहते (नारळ फोडायला किराणावाल्यालाच बोलावतात), आणि वहीला उत्तर मिळतं, ‘दुसरा हप्ता येऊ दे.’ किराणावालाही रागवत नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या ठोक व्यापाऱ्याला त्याने तेच सांगून ठेवलेलं असतं.