नणंद-भावजयींचा कारभार

अहो, ऐकलंत का? समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींनी म्हणे एक मुलगी स्पॉन्सर केलीय. तिबेटी. धर्मशाळेला शिकते. काल भिशीत पर्समधून फोटो काढला आणि चिवड्याच्या बशीबरोबर सगळ्यांच्या हातातून फिरवला. मुलगी गोड हो, थंडीनं गाल उललेले, केस घट्ट विंचरलेले. सोबत पत्रही होतं, त्यात मार्क लिहिलेले. गणितात जरा कमीच होते, पण वहिनी ते वाचताना भरभर पुढे गेल्या, माझ्या लक्षात आलं.

पण आपल्या वकिलीणबाई! त्या गप्प बसतात होय? चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात कशा, "का, आपल्या मेळघाटात मुली नाहीत वाटतं?" वहिनींचा चेहरा असा खर्रकन उतरला म्हणून सांगू... मला मेलीला राहवलं नाही. म्हटलं, "मेळघाटातल्या मुलीला तुम्ही द्या की, कोणी धरलाय तुमचा हात?" मग त्यांचा उतरला. असो.

तर काय सांगत होते... हां, आपली तिबेटी स्वेटरवाली. आपण दर थंडीत पन्नास-पन्नास रुपयांसाठी जिच्याशी घासाघीस करतो ना, तीच. ती कुठली माहितीय? गोंदियाची! अर्जुनी मोरगावकडे, गोठणगावजवळ तिबेटींची वसाहत आहे, 1972 पासून. मराठी बोलते तुमच्याआमच्यासारखी. मी स्वेटर उलटसुलट करत बसते आणि ती सांगत बसते. नवराबायको दोघंही थंडीभर गावोगाव माल विकायला. घरी म्हातारी आणि पोरं. अशा वेळी शाळा कोणाची सुटणार? थोरल्या मुलीचीच ना! धाकट्याला कोण बघेल? होस्टेलची शाळा आहे आणि कुणीतरी दाता फी भरतोय, म्हणून तिची लेक टिकली. आता नर्सिंगला आहे. हे सांगताना बाईनं स्वेटरचे वीस रुपये आपणहून कमी केले, बोला!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. हा सगळा शिकवण्याचा कारभार उभा केला कोणी? दलाई लामांच्या घरच्या बायकांनी! 1960 च्या मे महिन्यात जम्मूकडून 51 तिबेटी निर्वासित पोरं आली धर्मशाळेला. आईबाप डोंगरात रस्ते फोडायच्या कामावर, पोरं आजारी, हाडाची काडं झालेली. त्यांना सांभाळलं थोरल्या बहिणीनं, त्सेरिंग डोल्मांनी. त्या 1964 मध्ये गेल्या, मग धाकटी बहीण आली, जेत्सुन पेमा. दार्जिलिंगच्या लोरेटो कॉन्व्हेंटची मुलगी, परदेशात शिकून आलेली. 2006 पर्यंत ती पोरांची संस्था चालवली हो बाईनं, 42 वर्षं! मध्ये 1990 ला तिबेटींच्या निर्वासित सरकारात मंत्री झाली, पहिली बाई मंत्री. आणि ब्रॅड पिटचा तो सिनेमा नाही का, 'सेव्हन इयर्स इन तिबेट'? त्यात दलाई लामांच्या आईचं काम हिनंच केलंय. म्हणजे स्वतःच्याच आईचं! हे मी भिशीत सांगितलं तर वकिलीणबाईंनी लगेच मोबाइल काढून बघितलं. खरंच निघालं. मग म्हणतात, "मला माहीत होतं." माहीत होतं म्हणे!

तर काय सांगत होते... हां, दलाई लामांची भावजय. धाकट्या भावाची बायको, रिंचेन खांडो. हिनं 1987 मध्ये भिक्षुणींसाठी काम काढलं. तिकडे तिबेटात खेड्यात कसं, घरातला एक मुलगा मठात जायचा, तो पोथ्या शिकायचा, वादविवाद करायचा. मुलगी याकांमागे, शेणामागे. ती भिक्षुणी झाली तरी नुसते मंत्र म्हणायचे, अर्थ कोण सांगतंय? लिथांगकडच्या भिक्षुणी बर्फातून चालत 1990 च्या सुमारास धर्मशाळेला आल्या, त्यातल्या कितीतरींना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. त्यांच्या जेवणाला, पुस्तकांना देशोदेशीच्या बायकांनी महिन्याचे पैसे लावून दिले.

आणि शिकल्या कशा! 1995 पासून दरवर्षी महिनाभर भिक्षुणींचे वादविवाद होतात. उत्तर देणारी खाली बसते, विचारणारी उभी. प्रश्न टाकायचा, पाय आपटायचा आणि फाटकन टाळी! आमच्या सासूबाईंना असं प्रश्न विचारायला मिळालं असतं तर... जाऊ दे, गेल्या बिचाऱ्या.

मग पदवीचा प्रश्न आला. पुरुष भिक्षूंना गेशे ही पदवी मिळते, आम्हाला का नको? बायकांना विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचे, सगळे ग्रंथ वाचायची मुभा नाही, मग पदवी कशी देणार, अशी कुरकुर बरीच वर्षं चालली. शेवटी 2012 मध्ये ठरलं. परीक्षा एक नाही, चार वर्षांच्या चार. त्याआधी सतरा-सतरा वर्षांचा अभ्यास. आणि डिसेंबर 2016 मध्ये आपल्या शेजारी कर्नाटकात, मुंडगोडला, खुद्द दलाई लामांच्या हातून 20 जणी गेशेमा झाल्या. वीस! ज्या बायकांना पाटीवर अक्षर गिरवायला कोणी बसवलं नव्हतं, त्यांच्यातल्या आता दुसऱ्या भिक्षुणींना तत्त्वज्ञान शिकवतात.

एक मात्र आहे. पूर्वी तिबेटातून आईबाप पोरांना वाटाड्याबरोबर डोंगर ओलांडून पाठवायचे, शिकू दे म्हणून. पुन्हा भेट होईल न होईल... 2008 नंतर ते येणं जवळजवळ थांबलंच. स्वेटरवाली हे सांगते तेव्हा मी घासाघीस थांबवते. आपल्यालाही मन आहे.

आणि वहिनींचं सांगायचं राहिलंच. काल जाता जाता मला हळूच विचारतात, "पुढच्या वर्षी मुलाचं लग्न निघालंय, खर्च वाढेल, बंद करू का हो?" मी स्पष्ट सांगितलं, तुम्हालाही सांगते. फोटोपुरतं द्यायचं असेल तर देऊच नका. मध्येच हात काढून घेतला की संस्थेला दुसरा दाता शोधत फिरावं लागतं. लावायचे तर बारावीपर्यंत लावा पैसे. आणि पत्रात गणिताचे मार्क तेवढे विचारू नका.