कॉइल जळाली, आबा

स्लाऊ, इंग्लंड
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

व्हॉट्सॲप असताना कागद कशाला काळा केला, असं म्हणाल. कारण असं की तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी इथं शिंकलो तरी बेंबळीत वेशीपर्यंत कळतं. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "तुज्या तोंडातून वाफ कशाची निघायलीय रं?" मी म्हणालो, थंडी लई आहे. आबा, घरात हीटर चालू होता आणि मी बनियनवर बसलो होतो. तुम्ही गप्प बसलात. आईनं मात्र स्वेटरवर दहा मिनिटं घेतली. दुसऱ्या दिवशी दादाच्या पोराकडून लिहून घेतलेला तुमचा निरोप आला: "मला समदं कळलं. येताना एक मला बी आण. बिडीनं खोकला वाढलाय."

तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यापासून सांगतो.

लातूरला कॉलेजात असताना मला सिगारेटची सवय लागली. ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. मी सुट्टीला आलो की तुम्ही गोठ्याच्या कोपऱ्यावर उगाच मोठ्यानं खाकरायचा, मला विझवायला तेवढा वेळ मिळावा म्हणून. मी बाहेर येऊन विचारायचो, "आबा, खोकला झालाय का?" तुम्ही म्हणायचा, "धुरळा गेला घशात." वीस वर्षं आपण दोघांनी हे नाटक सांभाळलं. आज पडदा पाडतो.

इथं आल्यावर सिगारेट परवडेना. वीसचं पाकीट सोळा-सतरा पौंडांना. आपले जवळपास दोन हजार रुपये, म्हणजे युरियाची सात पोती. रोज अर्धं पाकीट म्हणजे साडेतीन पोती मी हवेत उडवत होतो, आणि पीक काही येत नव्हतं. शेवटी तुमच्या सुनेनं मला सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथली नर्स म्हणाली, सिगारेट सुटत नसेल तर वाफेची घ्या. तिनं उगाच गोड बोलून फसवलं नाही. यात काही जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही; पण निकोटिन आहे, तेव्हा सवय तशीच राहते, आणि ही निरुपद्रवी वस्तू नव्हे. ज्यानं कधी ओढलीच नाही त्यानं हिच्याकडं फिरकूही नये. गंमत म्हणजे २०२३ साली इथल्या सरकारनं सिगारेट सोडू पाहणाऱ्या दहा लाख लोकांना ही यंत्रं फुकट द्यायचं जाहीर केलं होतं. आपल्याकडं सरकार यावर काय देतं ते पुढं लिहितो.

आधी मी वापरून फेकायची कांडी घ्यायचो. संपली की कचऱ्यात. पण प्रत्येक कांडीत लिथियमची बॅटरी, ती कचऱ्याच्या गाडीत दबली की आग. शिवाय शाळकरी पोरं त्या रंगीत कांड्यांच्या नादी लागली. म्हणून १ जून २०२५ पासून इथं त्या विकायलाच बंदी आली. मग मला चार्ज करून पुन्हा भरायचं पक्कं यंत्र घ्यावं लागलं. प्रगती म्हणा, नाहीतर बढती म्हणा.

दुकानात मी आणि तुमची सून गेलो. पोरीला बाहेर आइस्क्रीम देऊन उभं केलं असतं, पण इथं पोर एकटं सोडत नाहीत, म्हणून तिला मावशीकडं ठेवलं. दुकानातल्या पोरानं आधी काढलं ते साठ पौंडांचं, मोबाइलसारखा पडदा असलेलं. मी म्हटलं, बाबा, मला ओढायचंय, पिक्चर बघायचा नाही. मग त्यानं अठरा पौंडांचं काढलं. पेनाएवढं, काळं, बुडाला फिरवायची चकती, तिच्यावर मुंगीच्या पायाएवढे आकडे: ३.२ पासून ४.८ पर्यंत. आणि आवाज बारीक करून, जणू गुप्तधन दाखवतोय असं म्हणाला, "सर, यात व्होल्टेज कमी-जास्त होतं."

आबा, मला हसूच आवरेना. बेंबळीच्या माणसाला हा कमी-जास्त व्होल्टेज विकायला निघालाय! आपल्या डीपीवर ते कायम फुकट मिळतं. रात्री दोनला लाइट येते, स्टार्टर दाबलं की मोटार नुसती घुं करते, आणि तुम्ही अंधारात टॉर्च तोंडात धरून शिव्या द्यायला सुरुवात करता. तोंडात टॉर्च असल्यानं त्या नीट उमटत नाहीत एवढंच. आणि इथले लोक त्याच गोष्टीला पैसे मोजतात.

यंत्र कसं चालतं ते तुम्हाला एका मिनिटात कळेल, या दुकानदाराला जन्मात नीट सांगता आलं नसतं. आत एक कॉइल, तिच्याभोवती कापूस, कापूस रसात भिजलेला. बटण दाबलं की कॉइल तापते, रसाची वाफ होते. आपल्या मोटारीत व्होल्टेज पडलं की ती जास्त अँपिअर ओढते आणि वायंडिंग जळतं. इथं उलटं, व्होल्टेज चढलं की जळतं. माझी कॉइल १.८ ओहमची. व्होल्टचा वर्ग करून ओहमनं भागायचं. ३.७ व्होल्टवर साडेसात वॉट, आणि ४.८ वर जवळपास तेरा. व्होल्टेज तीस टक्क्यांनी वाढवा, उष्णता सत्तर टक्क्यांनी वाढते. दहावीला विज्ञानात हे आलं होतं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

घरी आलो, रस भरला, चकती सरळ ४.८ वर नेली. आपल्या रक्तात ते आहेच, जास्त लोड मिळतोय तर कमी कशाला घ्या. लगेच झुरका मारला. आबा, जळकी चिंधी आणि करपलेला गूळ एकदम घशात गेला. डोळ्यांतून पाणी आलं. कागदावर लिहिलं होतं, रस भरल्यावर दहा मिनिटं थांबा, कापूस भिजू द्या. आता बघा, पाइपात पाणी भरल्याशिवाय मोटार टाकायची नाही, कोरडी फिरली तर गेली, हे तुम्ही मला सातवीत विहिरीवर शिकवलं होतं. कानफटात देऊन शिकवलं होतं. तरी मी अठरा पौंडांची मोटार कोरडी फिरवली. तुमची सून म्हणाली, "आबा इथं असते तर बरं झालं असतं."

कॉइल जळाली म्हणून रिवायंडिंगला टाकायची सोय इथं नाही. पाचाचं पाकीट दहा पौंडांना, जुनी फेकायची. काही हौशी लोक घरी तार गुंडाळून बसतात म्हणे. आपल्या तिकडच्या रिवायंडिंगवाल्यांना इथं आणलं तर बंगले बांधतील.

घराच्या छताला धुराचा भोंगा असतो. माझ्या वाफेला तो चुकूनही वाजत नाही. पण आईच्या पद्धतीनं ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या की असा बोंबलतो की शेजारची म्हातारी चपला घालून खाली उतरते. मागच्या रविवारी तिलाही ठेचा दिला. सोमवारी ती काही बोलली नाही.

आता तुमचं. तुम्हाला मी हे आणू शकत नाही. आपल्याकडं २०१९ साली कायदा झाला: असं यंत्र बनवायचं नाही, विकायचं नाही, बाहेरून आणायचं नाही, साठवायचं नाही. आणताना पहिल्यांदा सापडलं तर वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिडीचा कट्टा मात्र कुठल्याही टपरीवर मागा. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. तो कसा बंद आहे ते तुम्हाला एसटी स्टँडवर दिसतंच. पण मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग उघडली आणि "हे वडलांसाठी आहे" असं मला सांगावं लागलं, तर बेंबळीच्या ठाण्यापर्यंत बातमी माझ्या आधी पोचेल. आधीच सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन कुजवलंय, त्यात लाखाचा दंड नको.

त्याऐवजी एक करा. सरकारचा फुकटचा नंबर आहे, १८०० ११२ ३५६, तंबाखू सोडवायला मदत करतात. लावून बघा. फक्त स्पीकर बंद करून लावा, नाहीतर अर्ध्या गल्लीची बिडी सुटेल आणि तुमची तशीच राहील. खोकला मात्र थट्टेवारी नेऊ नका, दादाला सांगून धाराशिवला छाती तपासून घ्या. "धुरळा गेला घशात" हे डॉक्टरला सांगू नका, तो माझ्यासारखा नाटकात काम करत नाही.

माझं म्हणाल तर सुरुवातीला रसात मिलीला वीस मिलीग्रॅम निकोटिन घ्यायचो, इथं त्याच्या वरचं विकतच नाहीत. आता बारावर आलोय. पुढच्या ऑक्टोबरपासून दर दहा मिलीच्या बाटलीवर सव्वादोन पौंडांच्या आसपास नवा कर लागणार आहे, त्याच्या आत शून्यावर यायचा बेत आहे. आणि आता यंत्रावर हात बसलाय. बरोबर चार व्होल्टवर ठेवलंय. दोन झुरक्यांत समाधान होतं. योग्य व्होल्टेज सापडायला नशीब लागतं, आबा.

आईला यातलं काही सांगू नका. स्वेटर घातलाय म्हणावं.

तुमचा,
धाकटा

ता. क. मामंजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं आलंय म्हणून दोन ओळी. चकतीवरचे आकडे यांना चष्म्याशिवाय दिसत नाहीत आणि चष्मा लावायला हे तयार नाहीत. हे आंघोळीला गेले की मी ती रोज थोडी थोडी मागं फिरवते. तीन आठवडे झाले, चकती ३.२ वर आहे. सासूबाईंना मी फोनवर सगळं आधीच सांगितलंय. त्यांनीच विचारलंय की बिडीच्या कट्ट्याला अशी चकती कुठं असते.